आधी थांबता यायला हवं: सी-५ दुखापतीनंतर व्हीलचेअरचं नियंत्रण हाताकडून हनुवटीकडे

पार्श्वभूमी

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावातलं हे प्रकरण. व्यक्तीचं वय चाळिशीच्या आतलं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घरी सगळे त्यांना दादा म्हणतात, म्हणून इथेही दादाच. ते पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारे, होते. माडावरून पडले आणि मानेच्या मणक्यात सी-५ (मानेतल्या पाचव्या) पातळीवर मज्जारज्जूला पूर्ण स्वरूपाची दुखापत झाली. शस्त्रक्रिया आणि रुग्णालयातले उपचार संपवून ते घरी आले, आणि काही महिन्यांनी देणगीतून एक इलेक्ट्रिक व्हीलचेअर मिळाली.

सी-५ पातळीवर काय उरतं आणि काय जातं, हे आधी नीट पाहायला हवं, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावर उभा आहे. खांदा उचलणारा डेल्टॉइड आणि कोपर दुमडणारा बायसेप्स चालतात. कोपर सरळ करणारा ट्रायसेप्स चालत नाही. मनगट वर उचलता येत नाही, बोटांत काहीच हालचाल नाही. म्हणजे हात स्वतःकडे ओढता येतो, पण दूर लोटायचा तर सगळं काम खांद्यावर पडतं. दादांच्या उजव्या हाताचं बळ पाचपैकी चार होतं, डाव्याचं तीन. डावा हात उचलला जायचा, पण त्यावर जरा भार आला की पडायचा. पोटाचे आणि पाठीचे स्नायू गेल्यामुळे धड एकदा कलंडलं की स्वतःहून सावरता येत नव्हतं. मान मात्र उत्तम होती: सगळ्या दिशांना फिरणारी, बळकट, आणि स्पर्शाची जाण शाबूत असलेली.

खुर्ची २४ व्होल्टची, मागच्या चाकांवर चालणारी, १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांची. जॉयस्टिक उजव्या हातपट्टीच्या टोकाला, नेहमीच्या गोल मुठीची. आसन मागे कलवायची सोय होती, ही मोठी जमेची बाजू. कंट्रोलर साधा होता: जॉयस्टिकचा डबा आणि खालचा पॉवर मॉड्यूल एवढंच. त्याला तिसरं काही जोडायची जागा नव्हती. खुर्ची निवडली तेव्हा हे कुणी विचारलं नव्हतं.

दादांना काय हवं होतं, ते त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. घरामागच्या कुळागरात (नारळी-पोफळीच्या बागेत) पंपाच्या खोपटीपर्यंत जायचं आणि कामगारांशी स्वतः बोलायचं. गुरुवारी देवळाच्या सभामंडपात भजनाला बसायचं, आणि तिथवर कुणी ढकलत नेता कामा नये. घर जुनं, जोतं ४५ सेंटिमीटर उंच. १ः१२ उताराच्या हिशोबाने ५.४ मीटर लांबीचा रॅम्प घरच्यांनी आधीच बांधून घेतला होता आणि पावसाळ्यातल्या शेवाळाचा विचार करून त्यावर झाडूने खरखरीत पोत काढला होता. वर दारासमोर दीड मीटरची सपाट जागा होती.

अडचण

खुर्ची मिळाल्यावर काही आठवड्यांतच ती आंगणात तुळशी वृंदावनाला धडकली. पायाच्या पाटीत डावा घोटा अडकला. दादांना खाली संवेदना नाही, त्यामुळे घोट्यावरची जखम संध्याकाळी कपडे बदलताना वहिनींच्या नजरेस आली. त्यानंतर घरच्यांनी खुर्ची बंद करून ठेवली. विक्रेत्याने तपासून खुर्चीत दोष नसल्याचं सांगितलं, आणि ते खरंच होतं.

दोष जुळणीत होता. गोल मूठ धरायला बोटं लागतात. दादा तळहाताची कड मुठीवर टेकवून ती खांद्याने पुढे रेटत. खुर्ची सुरू होताना बसणाऱ्या हिसक्याने आधार नसलेलं धड मागे जाई, धडाबरोबर हात मागे येई, जॉयस्टिक सुटे, खुर्ची थांबताना धड पुढे येई आणि हात पुन्हा मुठीवर आदळे. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) खडबडीत वाटेवर हा फेरा दर सेकंदाला फिरायचा. त्यात मांड्यांपासून वर स्पॅझमचा, म्हणजे स्नायू आपोआप आखडण्याचा, झटका आला की बायसेप्स आखडून हात आत आणि मागे ओढला जाई. ट्रायसेप्स नसल्याने तो मुठीवरून उचलून बाजूला नेता येत नसे. खुर्ची डावीकडे वळत मागे जात राही आणि दादांना दिसत असूनही काही करता येत नसे.

घरच्यांचं आणि विक्रेत्याचंही लक्ष ‘खुर्ची पुढे नेता येते का’ याकडे होतं. पुढे नेता येत होती. तपासायला हवी होती ती उलटी बाजू: मनात आलं त्या क्षणी, दमलेल्या हाताने, झटका आलेला असतानाही सोडता येते का? नियंत्रणाची जागा निवडताना पहिला प्रश्न हाच असायला हवा.

समोर असलेले पर्याय

सर्वांत स्वस्त पर्याय म्हणजे आहे त्याच जॉयस्टिकवर यू आकाराचं हँडल बसवायचं, हात त्यात ठेवायचा आणि कंट्रोलरच्या सेटिंग बदलायच्या. बाकीच्या सगळ्या पर्यायांना नवा, विस्तारता येणारा कंट्रोलर लागणार होता आणि त्याचा खर्च लाखापुढे जात होता.

फुंकर आणि ओढ यांवर चालणारी नळी लवकर बाद झाली. त्यात जोराची फुंकर, हलकी फुंकर, जोराची ओढ, हलकी ओढ असे चार संकेत वेगळे करावे लागतात. जोराच्या एका फुंकरीने खुर्ची चालू होते आणि दुसरा संकेत मिळेपर्यंत चालतच राहते. छातीचे स्नायू गेलेले, श्वासाची साठवण कमी, झटक्यात श्वास अडकतो, आणि थांबायलाही पुन्हा श्वासच लागतो. शिवाय गोव्याच्या दमट हवेत नळीत लाळ आणि पाणी साचतं, ते रोज साफ करावं लागतं.

डोक्यामागच्या तीन सेन्सरच्या पट्टीचा विचार जास्त वेळ झाला. मागे डोकं टेकलं की पुढे, बाजूला टेकलं की वळण. सपाट जागेत ही व्यवस्था फार चांगली चालते. पण खड्ड्यात डोकं उसळून पट्टीवर आपटतं. आणि कुळागरात दादांना सतत इकडेतिकडे पाहायचं होतं. मान वळवली की बाजूचा सेन्सर लागण्याचा धोका राहतो.

हनुवटीच्या जॉयस्टिकचं, म्हणजे टोकाच्या छोट्या कपात हनुवटी टेकवून हलवायच्या दांडीचं, याच्या अगदी उलट आहे. बाजूला पाहायला मान वळवली की हनुवटी कपातून निघते, स्प्रिंग दांडी मध्यावर आणते, खुर्ची थांबते. लक्ष विचलित होणं आणि थांबणं इथे एकच होतं. हा गुण किमतीच्या यादीत कुठे लिहिलेला नसतो, पण निवड करताना तोच सर्वांत जड ठरावा.

पुतण्या पॉलिटेक्निकला शिकत होता. त्याने मायक्रोकंट्रोलर लावून जुन्याच कंट्रोलरला नवी जॉयस्टिक जोडायचं सुचवलं, आणि तो ते सहज करू शकला असता. ही वाट का टाळली, ते सविस्तर सांगायला हवं, कारण हा मोह अनेक घरांत होतो. व्हीलचेअरच्या जॉयस्टिकमधून येणारा सिग्नल मध्यावर साधारण अडीच व्होल्ट असतो आणि दांडी हलवली की वरखाली होतो. प्रत्येक दिशेसाठी दोन स्वतंत्र सिग्नल येतात. कंट्रोलर दोन्हींची सतत तुलना करतो आणि ते जुळले नाहीत की खुर्ची थांबवतो. म्हणूनच एखादी तार तुटली तर खुर्ची सुसाट मागे न जाता जागीच बंद पडते. घरगुती सर्किटमध्ये हे दोन्ही सिग्नल एकाच चिपमधून तयार होतात. चिप अडकली तर दोन्ही एकसारखेच चुकीचे येतात आणि कंट्रोलरला सगळं ठीकच दिसतं. जॉयस्टिकवर छोटी सर्व्हो मोटर बसवून दांडी बाहेरून ढकलायचा दुसरा प्रकारही असाच: वीज गेली की सर्व्होचा हात ढकललेल्या जागीच राहतो. पुतण्याचं कौशल्य पुढे बटणांचे क्लॅम्प आणि तारांची मांडणी करायला उपयोगी पडलं, आणि ते काम त्याने अव्वल केलं.

पहिला टप्पा: बैठक आणि यू-हँडल

घरात एकमत होतं ते हातावर. आईंचं म्हणणं, ‘हात हलतोय तर हातानंच चालवू दे.’ हात वापरणं म्हणजे बरं होण्याची आशा जिवंत असणं, असं त्यांना वाटत होतं. खर्चही कमी होता. म्हणून आधी हाताचाच प्रयत्न ठरला.

काम सुरू झालं बैठकीपासून. धड डुलत असेल तर जगातली कुठलीही जॉयस्टिक नीट चालत नाही. कमरपट्टा मांड्या आणि कंबर यांच्या घडीत, बैठकीशी ४५ ते ६० अंशांचा कोन करून बसवला, म्हणजे कंबर पुढे घसरत नाही. पट्टा पोटावर आला तर लघवीची नळी दाबली जाते. या पातळीच्या दुखापतीत तेवढ्याने रक्तदाब एकदम चढू शकतो, डोकं ठणकतं, चेहऱ्यावर घाम येतो. घरातल्या प्रत्येकाला हे दाखवून ठेवलं. छातीच्या दोन्ही बाजूंना आधाराच्या गाद्या लावल्या. उजवी गादी डावीपेक्षा ३ सेंटिमीटर खाली ठेवली, नाहीतर हात पुढे जाताना काखेत अडते. हवेच्या गादीतली हवा तपासायची ती दादा बसलेले असताना, बुडाच्या हाडाखाली हात सरकवून: हाड आणि तळ यांच्यात दीड ते अडीच सेंटिमीटर हवा हवी.

मग हँडल. लेथवाल्याकडून ६ मिलिमीटरच्या अॅल्युमिनियमच्या सळीचा यू करून घेतला. दोन खांबांमधलं अंतर मनगटाच्या स्प्लिंटसकट हात मावून दोन्ही बाजूंना अर्धा सेंटिमीटर उरेल एवढं, खांबांची उंची ६ सेंटिमीटर, वर फोमची नळी. पहिलं हँडल स्टीलचं झालं होतं. दिसायला मजबूत, पण आसन मागे कलवलं की स्वतःच्या वजनानेच दांडी ओढायचं. जॉयस्टिकची स्प्रिंग हलकी असते, तिच्यावर असं वजन टाकता येत नाही. उंचीचाही हिशोब असतो. हँडल दुप्पट उंच केलं तर बळ निम्मं लागतं, पण हाताला दुप्पट अंतर जावं लागतं. दादांकडे बळ होतं, पल्ला नव्हता. त्यामुळे हँडल बुटकंच ठेवलं. दांडीला भोक पाडायचं नाही, जुनी मूठ ओढून काढायची आणि नवी कॉलर आडव्या स्क्रूने आवळायची. खालचा रबरी बूट फाटला तर पावसाळ्यात तिथूनच पाणी आत शिरतं.

जॉयस्टिकचा डबा आतल्या बाजूला घेतला आणि १५ अंश फिरवून बसवला. ट्रायसेप्सशिवाय हात सरळ पुढे जात नाही, तो तिरका, शरीराच्या मध्याकडे जातो. डबा त्याच रेषेत फिरवला की हाताची स्वाभाविक हालचाल आणि खुर्चीचं ‘सरळ पुढे’ एकाच दिशेला येतात. हातपट्टीवर खोलगट पन्हळ आणि कोपराच्या मागे अडसर बसवला.

प्रोग्रामरने सेटिंग बदलल्या. पुढे जाण्याचा कमाल वेग २५ टक्क्यांवर, वळण्याचा १५ वर, वेग घेण्याची गती २० वर. थांबण्याच्या गतीवर बराच खल झाला. ती फार मंद ठेवली तर खुर्ची घरंगळत पुढे जाते. फार तीव्र ठेवली तर धड पुढे फेकलं जातं आणि हात पुन्हा जॉयस्टिकला ढकलतो. शेवटी ३५ वर स्थिर केली. कंप गाळणारी सेटिंग चालू केली, पण कमी. ती वाढवली की हाताचा थरथराट जातो आणि त्याबरोबर थांबण्याचा संकेतही उशिरा पोचतो. वळणाचा वेग आणखी खाली आणून पाहिला, तेव्हा पुढची छोटी चाकं उंबरठ्याच्या पट्टीवर तिरकी अडकू लागली. कमी वेगातल्या अडकण्यावर मोटर कॉम्पेन्सेशनची (अडलेल्या मोटरला जादा जोर देणारी) सेटिंग उपाय असते, पण ती मोटरच्या मोजलेल्या रोधापेक्षा खालीच ठेवावी लागते. जास्त झाली की खुर्ची जागीच धडधडते.

हात की हनुवटी

चाचणी साधी ठेवली. आंगणात चुन्याची रेघ मारायची, खुर्ची ताशी २ किलोमीटरच्या आसपास चालवायची आणि मध्येच, न सांगता, ‘थांबा’ म्हणायचं. शब्द उच्चारल्यापासून खुर्ची किती पुढे गेली ते टेपने मोजायचं. मर्यादा ४० सेंटिमीटर. ही मर्यादा हवेतून काढली नव्हती. रॅम्पच्या माथ्यावरची सपाट जागा दीड मीटर, पायाच्या पाट्यांसकट खुर्ची १ मीटर १० सेंटिमीटर. फरक ४०.

सकाळी, ताज्या हाताने, खुर्ची ३० ते ३५ सेंटिमीटरवर थांबत होती. सगळे खूश झाले. तीच चाचणी दुपारी, पाऊण तास चालवल्यावर घेतली, तेव्हा अंतर मीटरच्या वर गेलं, आणि झटका आलेला असताना खुर्ची थांबलीच नाही. डावीकडे वळत राहिली. मागच्या बटणाने ती बंद करावी लागली.

इथे दोन वाटा होत्या. एक, हातावरच आणखी काम करायचं: वेग आणखी कमी, औषधाच्या वेळा डॉक्टरांशी बोलून बदलणं, वेगळा स्प्लिंट. दुसरी, जागाच बदलायची. पहिल्या वाटेने आकडे थोडे सुधारले असते. पण मूळ कारण तसंच राहणार होतं: हात सोडवायला जो स्नायू लागतो, तोच नाही. सेटिंगने स्नायू येत नाही. हात घरात, सकाळी, सपाट फरशीवर पुरेसा होता. कुळागराच्या वाटेवर, दुपारी, नव्हता. आणि दादांना जायचं होतं ते कुळागरातच.

घरात बोलणं सोपं नव्हतं. हनुवटीवर जाणं म्हणजे हात ‘सोडून देणं’, असं आईंना वाटलं. तेव्हा चुन्याच्या रेघेजवळ दोन्ही चाचण्यांच्या खुणा तशाच ठेवून त्यांना दाखवल्या. निर्णय दादांनी घेतला. नवा कंट्रोलर घ्यायचा, आणि हाताला दुसरं काम द्यायचं. ते काम पुढे येईल.

दुसरा टप्पा: हनुवटीची जॉयस्टिक

नवा कंट्रोलर घेण्याआधी जुन्या मोटरींशी तो जुळतो का, ते तपासलं: २४ व्होल्ट, ब्रशच्या मोटरी, २४ व्होल्टचे पार्किंग ब्रेक, कनेक्टरांची जात, कमाल करंट. बसवताना खुर्ची लाकडी ठोकळ्यांवर घेतली, मागची चाकं हवेत. बॅटरीचा ब्रेकर काढला, प्रत्येक जोडाचा फोटो घेतला आणि मगच तारा सोडवल्या. पहिली चालू चाचणी चाकं हवेत असतानाच करायची. जॉयस्टिक पुढे नेली की दोन्ही चाकं पुढे फिरतात का? डावीकडे नेली की उजवं चाक पुढे जातं का? दोन्ही ब्रेक सुटल्याचा टक् आवाज येतो का? मोटरींच्या तारा उलटसुलट झाल्या असतील तर ते इथेच कळतं. जमिनीवर कळलं तर भिंत मध्ये येते. शेवटी, चाकं फिरत असतानाच एकेक केबल उपटून पाहिली. प्रत्येक वेळी खुर्ची थांबलीच पाहिजे.

जॉयस्टिक निवडताना सर्वांत हलकी घ्यावी, असा सल्ला मिळत होता. स्नायू दिवसेंदिवस क्षीण होत जाणाऱ्या आजारांत तो बरोबर असतो. दादांची मान बळकट होती आणि वाट चिऱ्याची. अतिहलकी दांडी प्रत्येक खड्ड्याला संकेत समजली असती. म्हणून मध्यम स्प्रिंगची, सिलिकॉनच्या उथळ कपाची छोटी जॉयस्टिक घेतली.

तिचा हात पाठीच्या टेकूवर बसवला. बैठकीच्या चौकटीवर बसवला असता तर आसन आणि पाठ कलताना डोकं एकीकडे आणि कप दुसरीकडे गेला असता. आरामात बसल्यावर कप हनुवटीच्या खाली एक ते दीड सेंटिमीटर हवा, टेकलेला नको. सुरुवातीला तो किंचित वर होता. मान सतत ताणलेली राही आणि संध्याकाळी दुखू लागे. ८ मिलिमीटर खाली घेतल्यावर दुखणं गेलं. क्लॅम्पच्या जोडावर रंगाची एक आडवी रेघ मारून ठेवली. रेघ तुटलेली दिसली म्हणजे जोड सरकला. रोज सकाळी वहिनी ती पाहतात.

वेग घेताना डोकं मागे आणि थांबताना पुढे जाण्याचा फेरा हनुवटीलाही चुकत नाही. फरक असा की मानेला स्पर्श कळतो, दोन्ही बाजूंचे स्नायू आहेत, त्यामुळे दादा तो फेरा स्वतः तोडू शकतात. तरी वेग घेण्याची गती १८ वर आणि थांबण्याची ३० वर ठेवली. मागे जायला हनुवटी गळ्याकडे ओढावी लागते, ती सर्वांत कठीण हालचाल. म्हणून मागचा वेग १२ टक्के, आणि डाव्या हातपट्टीवर स्कूटरचा आरसा.

जॉयस्टिकने खुर्ची चालते, पण चालवणं आणि आसन कलवणं यांत बदल करायला बटण लागतं. ते डाव्या कोपराच्या बाहेर बसवलं, साडेसहा सेंटिमीटर व्यासाचं, हलक्या दाबाचं. डावा डेल्टॉइड तीनच्या बळाचा, पण कोपर बाहेर टेकवायला तेवढा पुरतो. उजव्या बाजूला डोक्याजवळ तातडीने थांबवायचं दुसरं बटण. हे बटण एरवी सर्किट पूर्ण ठेवतं आणि दाबल्यावर तोडतं, त्यामुळे त्याची तार उंदराने कुरतडली तरी खुर्ची थांबते. उजव्या हाताचं काम आता जेवताना आणि बोलताना हनुवटीचा दांडा बाजूला ओढायचं आहे. ओढण्याचा स्नायू बायसेप्स, आणि तो शाबूत आहे. दांडा दादा स्वतः उघडतात. परत लावायला मात्र कुणीतरी लागतं.

जुनी जॉयस्टिक काढल्यावर एक गोष्ट पहिल्याच रात्री लक्षात आली: चार्जरचा सॉकेट त्या डब्यातच होता. बॅटरीकडून फ्यूज लावून पाठीमागे वेगळा सॉकेट काढावा लागला. त्यातून चार्ज होत असताना खुर्ची चालू न होणं, ही जुन्या डब्यात आपोआप मिळणारी सोय वेगळी जोडून घ्यावी लागली.

मागे मदतनीसासाठी वेगळी जॉयस्टिकही बसवली. ती कधी वापरायची, याचा नियम लिहून ठेवला आहे. ओल्या उतारावर ताबा मागच्याकडे, आणि हनुवटीचा दांडा बाजूला. उतरताना धड पुढे झुकतं, हनुवटी कपावर दाबली जाते, आणि नेमकं थांबायचं तिथे खुर्ची पुढे जाते. जुने गोवे ते दिवाडी फेरीचा धक्का याचं सर्वांत कठीण उदाहरण. भरती-ओहोटीप्रमाणे उतार बदलतो, काँक्रीटवर शेवाळ असतं, आणि बोटीच्या लोखंडी फळीच्या तोंडाशी पुढची चाकं अडकतात. तिथे छातीपट्टा बांधायचा आणि मदतनीसाने चालवायचं. दादांना हे आधी आवडलं नाही. उताराचं कारण समजल्यावर नियम त्यांनी स्वतःच कडक केला: फळीवर बोटीचा खलाशी मदतीला आल्याशिवाय चढायचं नाही.

काय बिघडलं

‘खुर्ची सुरूच होत नाही’ ही तक्रार सर्वांत जास्त आली. दरवेळी कारण एकच: बटण दाबताना हनुवटी कपाला टेकलेली. सुरू होताना जॉयस्टिक मध्यावर नसेल तर कंट्रोलर खुर्ची चालू करत नाही, दिवे लुकलुकतात. हा बिघाड नव्हे, संरक्षण आहे. डोकं टेकूला लावायचं, बंद करायचं, पुन्हा चालू करायचं.

पहिल्या पावसाळ्यात एका कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर आला आणि खुर्ची अधूनमधून बंद पडू लागली. पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस लावलं, तारेला कनेक्टरच्या आधी खालच्या बाजूला एक वळसा दिला, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी वळशातून गळून जातं. कपाखाली घामाने पुरळ उठली. दिवसातून दोनदा कप धुणं आणि दाढी एक दिवसाआड करणं, यावर ती गेली. आसन फार कललेलं असताना खुर्ची चालू नये म्हणून १५ अंशांवर कुलूप ठेवलं आहे. परत सरळ झाल्यावर पाठ थोडी घसरलेली असते, हनुवटी कपापासून सरकते. म्हणून सरळ झाल्यावर आधी खांदे जागेवर घ्यायचे, मग चालवायचं.

निकाल

थांबण्याची चाचणी आता सकाळी आणि दोन तासांनंतर, दोन्ही वेळा २५ ते ३५ सेंटिमीटरच्या आत येते. झटका आला की दादा डोकं मागे टाकतात, खुर्ची थांबते. घोट्याची जखम भरली, पायाच्या पाट्यांना बाहेरून पॅडिंग केलं. गुरुवारी ते भजनाला एकटे जातात. पावसाळ्यात रॅम्पवर पुतण्या मागे असतो. कुळागरात खोपटीपर्यंतची वाट रुंद करून ठेचलेला चिरा दाबून घेतला. त्यापुढे पाट आहेत, ओली माती आहे. तिथे चाक जात नाही आणि न्यायचाही विचार नाही.

वेगळं काय करता येईल

खुर्ची निवडतानाच तीन गोष्टी विचारायला हव्यात. कंट्रोलरला दुसऱ्या प्रकारचं नियंत्रण जोडता येतं का? सेटिंग बदलणारा माणूस किती लांब आहे? आसन कलतं का? दुसरा कंट्रोलर घेण्याचा जो खर्च इथे झाला, तो पहिल्या प्रश्नाने वाचला असता. सरकारी योजनांतून मिळणारी मोटरची तीनचाकी चांगले हात असलेल्यांसाठी बनवलेली असते. मानेची दुखापत असलेल्या माणसाच्या नावे तिचा अर्ज भरण्याआधी हे घरच्यांना कुणीतरी सांगायला हवं.

हाताचा टप्पा वगळावा का? वगळू नये, असं आमचं मत आहे. बैठकीचं सगळं काम पुढे कामाला आलं, आणि हात अपुरा आहे हे घरच्यांनी स्वतः पाहिलं नसतं तर हनुवटी त्यांनी मनापासून स्वीकारली नसती. मात्र त्या टप्प्याची मुदत आणि थांबण्याची मर्यादा आधीच ठरवावी, आणि चाचणी पहिल्या दिवसापासून दुपारी, थकलेल्या शरीराने घ्यावी. स्पॅझमवरच्या गोळीची वेळही नोंदवावी. गोळीनंतर तासाभराने घेतलेली चाचणी आणि पुढच्या गोळीच्या आधी घेतलेली चाचणी यांत फार अंतर पडतं.

सेटिंगची फाइल काढून दोन ठिकाणी ठेवावी. कंट्रोलर बदलावा लागला तर कारखान्याचे मूळ आकडे परत येतात, आणि त्या आकड्यांवर दादांची खुर्ची पुन्हा तुळशीवर जाईल. घरात एक जादा बटण, एक जादा केबल आणि क्लॅम्पची अॅलन चावी असावी. ती चावी खुर्चीलाच बांधलेली आहे.

एक निर्णय अजून बाकी आहे. हीच जॉयस्टिक मोबाइलवर माऊससारखी चालवता येते आणि दादांना कामगारांच्या मजुरीचा हिशोब स्वतः ठेवायचा आहे. पण त्यासाठी डाव्या बटणावर तिसरा मोड येतो. चालवणं, आसन, मोबाइल, यांत गोंधळ होऊन मोबाइल समजून खुर्ची हलली तर काय, हा प्रश्न सुटलेला नाही. सध्या मोड बदलताना आवाज येईल आणि चालवण्याच्या मोडमध्ये परत यायला बटण लांब दाबावं लागेल, अशी मांडणी बॅटरीचा ब्रेकर लावलेला असताना पण चाकं ठोकळ्यांवर घेऊन तपासली जात आहे.